पोटावरचा आपांचा हात

नसीमआपा,

गेल्या शुक्रवारी तुमच्या मय्यतीच्या वेळी रोशनगेटच्या घरात बायकांमध्ये बसले होते, तेव्हा मला रडू आलं नाही. मी आईकडं बघत होते. ती तुमच्या पायाशी बसून रडत होती, पदराचा बोळा तोंडात धरून, सगळं अंग हलवत. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिनं येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा केला होता. तुमच्या सुनेनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. तो धरून मी विचार करत होते, की उद्या मी गेले तर ही माझ्यासाठी एवढी रडेल का. ज्याच्या घरी मरण झालंय त्याच्याच घरात बसून त्या मेलेल्या माणसावर जळायचं, हे काही बरं नाही. पण तुम्हाला खोटं कधी चाललं नाही, म्हणून सुरुवात इथूनच करते.

मी तुमच्यावर अठरा वर्षं जळत आले आहे.

आईच्या पोटावर बेंबीखाली एक उभा व्रण आहे. मला तिथून बाहेर काढलं. पुढं ती शाळेत खिचडी शिजवायला लागली, आणि ती मोठाली पातेली उचलता उचलता त्या व्रणाखालचं पोट आतून फाटत गेलं. आतडं फटीतून कातडीखाली येऊन बसायचं. ती खोकली की तिथं संत्र्याएवढा फुगा यायचा. त्याला हर्निया म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. घरात त्याचं नाव 'आईचं पोट' एवढंच होतं. मी दहा वर्षांची असताना सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तो फुगा आत ढकलला, फट शिवली आणि तिथं प्लास्टिकच्या दोऱ्यांची विणलेली जाळी लावली. मच्छरदाणीचा तुकडा असावा तशी. ती जाळी आईच्या मांसात रुजणार आणि जन्मभर तिथंच राहणार, असं तुम्ही मला बाहेरच्या बाकावर समजावून सांगितलं होतं. सर्जरीच्या ओपीडीत तेव्हा तुम्ही सिस्टर होतात.

आणि मग दर वर्षी, संक्रांत झाली की, आई तुम्हाला पोट दाखवायला यायची. मी बाकावर. तुम्ही दोघी पडद्याआड. आतून आधी खोकण्याचा आवाज यायचा, मग हसण्याचा. घरी जाताना मी विचारायची, "काय हसत होता गं?" आई म्हणायची, "काही नाही. खोकत होते."

ती जागा माझी होती, आपा. मी तिथून या जगात आले. मी आईला म्हटलं मला बघू दे, तर ती पदर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "त्यात काय बघायचंय?" तुमच्यापुढं मात्र ती पोट उघडं टाकून हसायची.

एकदा पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुम्ही आईच्या पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होतात, शेकोटीपुढं घासतात तसे, आणि मध्येच एक तळवा स्वतःच्या गालाला लावून बघितलात. मग हात ठेवला आणि म्हणालात, "खोकून दाखवा." नंतर कधीतरी मी याचं कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "गार हात लागला की पोट दगड होतं. मग आत काय चाललंय ते कळत नाही." तेव्हा मला हे नर्सचं एक साधं तंत्र वाटलं होतं.

ज्या डॉक्टरांनी तुम्हाला ऑपरेशन झालेल्यांची वही ठेवायला सांगितली, ते दोन वर्षांत बदली होऊन गेले. त्यांचा अभ्यास तिथं संपला. वही तुमच्याकडं राहिली. जाळी घातलेली माणसं, नुसते टाके घातलेली माणसं, नाव, गाव, आणि दर वर्षीची एक नोंद. आधी तुम्ही पोस्टकार्डं टाकायचा, नंतर फोन करायला लागलात. जे दोन्हीला उत्तर देत नसत, त्यांच्याकडं रिटायर झाल्यावर स्वतः जायला लागलात. खुलताबाद, लासूर स्टेशन, पार अजिंठ्यापर्यंत. कुणी पाठवलं नव्हतं. एसटीच्या खिडकीशी बसून डब्यातली पोळी खात तुम्ही लोकांची पोटं बघायला हिंडत होतात, आणि त्या काळात मी सभांमधून जनतेवर बोलत होते.

माझं वाढणं तुम्हाला माहीत आहे. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. अंकलिपीच्या आधी मी पत्रकं वाचली. मजुरीची, पाण्याची, झोपडपट्टी हटवण्याच्या विरोधातली. एका पानात जग उलटं करायचं, हे मला लहानपणीच शिकवलं गेलं. बाविसाव्या वर्षी मी माझं पहिलं मोठं पत्रक लिहिलं. वॉर्डात तीन माणसं भेटली होती. एकाच्या जाळीत पू झाला होता आणि जखम दोन वर्षं वाहत होती. एका शिंप्याला मांडी घालून मशीनवर बसता येत नव्हतं. एका बाईच्या आतड्याला जाळी चिकटली होती. तिघांनाही जाळी घालताना कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. मी एका बैठकीत लिहून काढलं: 'पोटात कुणाच्या जाळी, तूप कुणाच्या पोळीवर?' दवाखान्याच्या दारात वाटलं, बसस्टँडवर वाटलं, आठवडी बाजारांत वाटलं. लोकांनी जपून ठेवलं. मला अजून आठवतं, छापलेल्या गठ्ठ्याचा वास घेताना मी मनात म्हणाले होते, आता आई माझ्याकडंही बघेल.

आईनं ते पत्रक तुम्हाला नेऊन दिलं.

तुमचा निरोप आला, घरी ये. तुम्ही गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतात. मला बघून म्हणालात, "ये गं पत्रकवाली. आधी चाय, का आधी भांडण?"

मी म्हणाले, "जाळीच्या कंपन्यांची बाजू घेणार असाल तर चहा नको."

"कौनसी कंपनी? मला तर कुणी साधं क्यालेंडर दिलं नाही आजपर्यंत." मग मिरच्या बाजूला सारून तुम्ही बसलात, जरा डाव्या अंगावर रेलून, नेहमी बसायचा तशा. "तुझी तिन्ही माणसं खरी आहेत. त्यातल्या दोघांच्या जखमा मी धुतल्यात. पण तुला ती भेटली कुठं?"

"दवाखान्यात."

"दवाखान्यात कोण येतं? ज्याचं बिघडलं तो. ज्याचं बरं झालं तो शेतात आहे, दुकानात आहे, लग्नात जेवतोय. तिथं गेलीस तू?"

"मग दवाखाना खरा म्हणायचा का? त्यांच्या कागदावर तर सगळेच बरे झालेत."

"दवाखाना बी तसलाच. जो परत दाखवायला आला नाही, तो बरा झाला असं धरून चालतात. अगं, तो दुसऱ्या डॉक्टरकडं गेला असेल. नाहीतर घरातच कण्हत पडला असेल. न आलेला माणूस म्हणजे न आलेला, बस. त्याच्यापुढं बरा लिहायचं नाही आणि वाईट बी लिहायचं नाही. उठायचं आणि बघून यायचं." तुम्ही मला चहा दिला. "ते न आलेल्यांना बरे समजतात, तू आलेल्यांनाच सगळे समजलीस. पाय दोघांचेही दवाखान्याबाहेर पडले नाहीत."

मी रागानं लाल झाले होते. तुम्ही तरी थांबला नाहीत. "आणि विचारलंस कितव्या वर्षी? पहिल्या वर्षी विचारशील तर टाकेवाला आणि जाळीवाला, दोघांची पोटं सारखीच दिसतात. चारपाच वर्षं गेली की टाकेवाल्यांचं परत यायला लागतं. जाळीवाल्यांचं त्या मानानं कमी येतं, हौ, ते खरं आहे. पण दहा वर्षांनीसुद्धा त्यांच्यातला एखादा येतो, आत चिकटलं म्हणून, जुना पू निघाला म्हणून. हिशेब एका दिवसात मांडायचा नसतो गं. पोट म्हातारं होईपर्यंत बघत बसावं लागतं."

मग वही दिलीत वाचायला. तिथं माझा दुसरा मत्सर सुरू झाला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. आपा, मी लेखक आहे असं मला वाटत होतं. तुमची वही वाचल्यावर मला माझं सगळं लिहिणं ओरडल्यासारखं वाटायला लागलं. एक नोंद मला पाठ आहे. 'लक्ष्मीबाई, खुलताबाद. नववं वर्ष. खोकल्यावर हाताला काही नाही. दुखतं का विचारलं, नाही म्हणाली. भांडी बसून घासायची, आता उभ्यानं घासते. ओटा कधी केला विचारलं. ऑपरेशननंतर. म्हणजे दुखतं.'

'दुखतं का' याच्या उत्तरावर तुम्ही कधी थांबत नसायचा. आपली माणसं ज्यानं ऑपरेशन केलं त्याला वाईट वाटू नये म्हणून 'बरं आहे' म्हणतात, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही विचारायचा, पालथं झोपता का? एसटीत चढताना कुठला पाय आधी टाकता? नमाजला वाकता की खुर्ची घेता? खुलताबादचे एक आजोबा होते, उजव्या बाजूला जाळी घातलेले, वय विचारलं की सांगायचे, 'निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा पाळण्यात होतो.' त्यांच्यापुढं तुम्ही लिहिलं होतं, 'नातवाला कडेवर घेतात. डाव्या.' एवढंच. मी एक पान भरून जे सांगू शकले नसते ते तुम्ही त्या एका शेवटच्या शब्दात सांगितलं होतं.

आणि मग आईचं पान आलं. 'बारावं वर्ष. परत आलं नाही. वाकताना पोटात पुठ्ठा ठेवल्यासारखं वाटतं म्हणते. थंडीत जास्त. पोरीला सांगू नका म्हणते. ती लगेच लिहील.'

मी वही मिटली होती, आठवतं? तुम्ही विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, मिरच्या डोळ्यात गेल्या. माझी आई एवढी चांगली उपमा देऊ शकते हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. तिनं तिचा पुठ्ठा तुम्हाला दिला आणि मला फक्त 'बरं आहे' दिलं. तुम्ही तिच्या पोटाच्या डॉक्टर नव्हतात, बहीण नव्हतात. तरी तिनं तुम्हाला निवडलं, कारण तुम्ही लगेच लिहिणार नव्हतात.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही मला लासूर स्टेशनला नेलंत. काही सांगितलं नाहीत, "चल, कांद्याचा भाव बघून येऊ" एवढंच. पॅसेंजरनं गेलो. मोंढ्यात कांद्याच्या ढिगांमागं रंगनाथदादा बसले होते, हमाल, पन्नाशीचे. कमरेला चामड्याचा पट्टा, बिडी कानावर. तुम्ही माझं नाव सांगितलं, तर ते उठून उभेच राहिले.

"ह्याच का त्या कागदवाल्या बाई? या बाई, या. लई उपकार झाले तुमचे. डॉक्टर म्हनला जाळी टाकू. म्या म्हनलं, टाके घाल, जाळी नाय. तुमचा कागद दाखवला त्याला. वाचलो म्हना."

पत्रक त्यांच्या पाकिटात होतं. घडीवर फाटलं होतं, मागून चिकटपट्टी लावलेली. तुम्ही म्हणालात, "दादा, पट्टा सोडा. आज हिला बघू दे." आणि माझा हात धरून त्यांच्या पोटावर ठेवलात. "खोकून दाखवा."

ते खोकले. आतून कुणीतरी माझ्या तळहातावर धडक दिली, आपा. मऊ, जिवंत आणि मोठी. टाके घातलेलं पोट ओझ्यानं दोन वर्षांच्या आतच परत फाटलं होतं. ते दिवसभर गोण्या उचलत होते, ते आतडं पट्ट्यानं आत दाबून ठेवत होते, आणि माझे आभार मानत होते.

मी त्यांचा चहा प्याले आणि कांद्याचा भाव विचारला.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात. मीच म्हणाले, "तुम्ही तरी का नाही सांगितलं त्यांना?"

"मी सांगून थकले. तो म्हणतो, परत ऑपरेशन करीन, जाळी बी घालीन, पण ती कागदवाली बाई सांगेल तर. छापलेलं खोटं कसं असेल, म्हणतो."

"मी काय डॉक्टर आहे?"

"लिहिताना होतीस की."

एवढं बोलून तुम्ही मला पिशवीतलं सीताफळ दिलंत. मी खाल्लं नाही. मला वाटलं, मला लाजवायलाच तुम्ही हा दिवस ठरवला होता. आता वाटतं, तुम्ही फक्त त्यांचं पोट माझ्या हातात दिलं होतं. पुढचं माझ्यावर सोडलं होतं.

त्यानंतर चार वर्षं, आपा. दर वर्षी तुमचा फोन, "लासूरला येतेस का गं?" कधी मोर्चा होता, कधी परीक्षा, कधी ताप. दुरुस्तीचं पत्रक लिहीन म्हणाले होते. तीनदा लिहायला घेतलं. पहिल्या पत्रकात एकही 'पण' नव्हता, आणि या पत्रकात 'पण' शिवाय वाक्यच होईना. जाळीनं हर्निया परत येणं कमी होतं, पण. काहींना वर्षानुवर्षं दुखतं, पण. ही असली वाक्यं बाजारात उभं राहून कोण वाचेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला परत एकदा त्या माणसाचे आभार ऐकायचे नव्हते. आणि अख्ख्या मोंढ्यात तुमच्यापुढं माणसं सदरा वर करतात, हे बघायचं नव्हतं. माझ्यापुढं लोक टाळ्या वाजवतात. सदरा कुणी वर केलेला नाही.

एकदा तुम्ही हसत म्हणाला होतात, "मी पण जळते तुझ्यावर. तुझं एक पान पाकिटात घालून हिंडतात. माझी अख्खी वही त्या एका पानाला हरली." मी ते चेष्टेवारी नेलं. आता वाटतं, तुम्ही निम्मं तरी खरं बोलत होतात, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती. उभ्यानं, ओट्यापाशी. आमच्याकडं ओटा आईच्या ऑपरेशननंतर झाला, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. ती वळून न बघता म्हणाली, "तिला बी होती."

"काय?"

"जाळी. धाकट्या पोराच्या बाळंतपणाचा टाका फाटला होता तिचा. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. उजव्या बाजूला ओढ लागायची. कधी थांबली नाही ती ओढ. उजव्या कुशीवर झोपली नाही ती कधी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी मी तिथंच उभी. गच्चीवर डाव्या अंगावर रेलून बसलेल्या तुम्ही. एसटीत नेहमी खिडकी डावीकडं येईल अशी जागा धरणाऱ्या तुम्ही. एवढी प्रश्नावली कुठून आली होती ते मला कळलं.

"मला का नाही सांगितलं?"

आईनं भाकरी उलटली. "मी म्हटलं होतं, पोरीला सांग, तिचं तोंड बंद होईल. तर म्हणाली, नक्को. सांगितलं तर ती माझं पोट पत्रकात छापेल. नाहीतर मी माझं पोट तिच्या तोंडावर मारीन. माझं दुखतं म्हणून सगळ्यांचं दुखतं असं होत नाही, आणि मला दुखून बी मी जाळी चांगली म्हणते म्हणून ती चांगली ठरत नाही. भांडण बरोबरीचं राहू दे."

मग ती आत गेली आणि वही घेऊन आली. दोन महिन्यांपूर्वीच तुम्ही ती तिच्याकडं ठेवली होती. "स्वतःहून देऊ नको म्हणाली होती. म्हणाली, तिनं काही विचारलं तर दे."

मी सगळी वही चाळली. तुमचं नाव कुठंच नाही. अठरा वर्षांहून जास्त तुम्ही दुसऱ्यांच्या पोटांवर हात ठेवत हिंडलात, आणि स्वतःची नोंद एकदाही केली नाहीत. न आलेला माणूस म्हणजे न आलेला, असं मला शिकवणाऱ्या तुम्ही, तुमच्याच वहीत न आलेल्या. आपा, आपल्या सगळ्या भांडणात हा एकच मुद्दा मी निखळ जिंकले आहे, आणि तो ऐकवायला आता रोशनगेटच्या गच्चीवर कुणी नाही. मी शेवटच्या पानावर तुमची नोंद केली. आईला विचारून विचारून. 'नसीमआपा, रोशनगेट. परत आलं नाही. उजवीकडं ओढ, कायम. कुणाला सांगितलं नाही, एकीला सोडून.' शेवटचे दोन शब्द मी नंतर जोडले. ती एक मी नव्हते. आईचीही नाही, तुमचीही नाही.

काल मी लासूरला गेले. एकटी.

रंगनाथदादा त्याच जागी होते. पट्टा बदललेला, जास्त रुंद. मला बघून उठायला लागले, मीच बसवलं. "आपा गेल्या म्हनं," ते म्हणाले. "ह्या वर्सी आल्या नाईत, तवाच वाटलं मला."

मी म्हणाले, "दादा, मी एक सांगायला आलेय. माझा कागद अर्धा होता."

"खोटा व्हता का?"

"खोटा नव्हता. त्यातली माणसं खरी होती. पण ज्यांचं बरं झालं त्यांना मी भेटलेच नव्हते."

ते म्हणाले, "मंग उरलेला अर्धा सांगा."

मी सांगितला. जाळी घातली तर परत फाटायचा धोका कमी होतो, पण जात नाही. काहींना ओढ लागते, ती वर्षानुवर्षं राहते. क्वचित पुढं कधीतरी पू होतो, जाळी काढावी लागते. आपांना स्वतःला जाळी होती आणि त्यांना दुखायचं, तरी त्या जाळी वाईट म्हणाल्या नाहीत. असंच राहू दिलं आणि एखाद्या दिवशी आतडं बाहेर अडकलं, तर जीव जाईल. बिडी सोडावी लागेल, त्या खोकल्यानं शिवलेलं उसवतं. जाळी घालायची का, कुठली, कशी, ते डॉक्टरांना विचारायचं, आणि नीट समजेपर्यंत सही करायची नाही. मी बरोबर येईन. बोलताना मला जाणवलं, एवढे सगळे 'पण' होते तरी समोरचा माणूस उठून गेला नव्हता.

"हे तर आपा बी सांगायच्या," ते म्हणाले. "वर्सानुवर्सं."

"व्हय."

"मंग तुमी चार वर्सं का आला नाय?"

"लाज वाटत होती."

त्यांनी कानावरची बिडी काढली, बोटांत फिरवली, आणि पेटवली नाही. पाकिटातून पत्रक काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं, परत करतायत. पण ते म्हणाले, "मागची बाजू कोरी हाय. आत्ता जे बोलल्या ते लिवा तिथं. डॉक्टरला दाखवायला लागंल."

मी लिहिलं. पहिल्यांदाच मी काहीतरी एकाच माणसासाठी लिहिलं. त्यांनी ते घडी करून ठेवलं, मग इकडंतिकडं बघून पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि सदरा वर केला.

"बघा मंग. ह्या वर्सीचं राहिलंय."

मी हात ठेवला. त्यांचं पोट एकदम आखडलं.

"गार हाय बाई," ते म्हणाले. "आपांचा गरम असायचा."

तुमचा गरम असायचा, आपा. मी हात काढला. तळवे एकमेकांवर घासले, बराच वेळ. एक गालाला लावून बघितला. अजून गारच होता, म्हणून पुन्हा घासले. रंगनाथदादा सदरा धरून तसेच थांबले होते.

"आता खोकून दाखवा," मी म्हणाले.